लोकल एक्स्पर्ट, मु. पो. सांगोला

मला पुण्याची खडान्‌खडा माहिती आहे, हे मला एका अमेरिकी विद्यापीठाच्या पत्रातून कळलं. तोवर माझं पुणं म्हणजे हॉस्टेल, मेस, लायब्ररी आणि स्वारगेट. स्वारगेटही अशासाठी की सांगोल्याची एसटी तिथून सुटते. पण दर ऑगस्टला काही अमेरिकी मुलंमुली एक सेमिस्टर शिकायला पुण्यात येतात, त्यांना सांभाळायला इथले विद्यार्थी हवे असतात, आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला मेसचे पैसे भरायचे होते. मुलाखतीत मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "रात्री-अपरात्री फोन उचलशील ना?" उचलेन म्हटलं. आठवड्याभरात पत्र आलं. त्यात माझ्या नावाखाली 'स्टुडंट असिस्टंट' आणि त्याखाली 'लोकल कल्चर एक्स्पर्ट' असं छापलेलं. मी पत्राचा फोटो घरी पाठवला. दादांचा लगेच फोन. "एवढं पुणं पाठ आहे, तर मागच्या वेळी आपण शनिवारवाडा शोधत मंडईभोवती का फिरत होतो गं?"

कामाआधी प्रशिक्षण होतं. त्यात एक जाडजूड हँडबुक मिळालं आणि 'कल्चर शॉक'चा तक्ता. कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात याच्या पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. आधी मधुचंद्र, म्हणजे सगळंच छान वाटतं. मग संकट, म्हणजे सगळंच असह्य होतं. मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं. मॅडम सांगत होत्या, "संकटाच्या काळात विद्यार्थी एकटा बसतो, घरच्या जेवणाची आठवण काढतो, इथल्या लोकांना नावं ठेवतो. अशा वेळी त्याच्याशी प्रेमाने बोलायचं." मी तक्ता बघत राहिले. सांगोल्याहून पुण्यात आल्यावर माझं पहिलं अख्खं वर्ष दुसऱ्या पायरीवर गेलं होतं. माझ्याशी मात्र मेसवाल्या मावशी सोडून कोणी बोललं नव्हतं, आणि त्याही "ताट पुढे घे" एवढंच.

मुलं आली. आम्ही असिस्टंट त्यांना राज्यावरून ओळखायचो. ओरेगॉन, टेक्सास, व्हरमाँट, न्यू जर्सी. (गावाकडे नाही का, सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारत.) त्यांना सांगून ठेवलं होतं की इथे नावानं हाक मारत नाहीत, 'ताई' म्हणतात. त्यामुळे माझ्याहून जेमतेम एक-दीड वर्षाने लहान असलेला सहा फूट चार इंची टेक्सास मला भर एफ.सी. रोडवर "टाऽऽयी!" अशी आरोळी ठोकायचा आणि सगळा रस्ता वळून बघायचा.

प्रत्येकाला एकेका घरी ठेवलं होतं. ओरेगॉन गेली सदाशिव पेठेत एका काकूंकडे. ओरेगॉन व्हीगन. म्हणजे दूध, दही, तूप, मध, यातलं काही नाही. हे फॉर्मवर लिहिलेलं होतं, काकूंनी वाचलेलं होतं, त्यावर सहीही केलेली होती. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "अगं, ही वरणावर तूप घेत नाही. तब्येत बरी नाही का तिची?" मी गेले. पानं मांडलेली होती.

"काकू, ती जनावरापासून आलेलं काही खात नाही."

"मग मी कुठे मटण देतेय?"

"दूधही नको तिला. गाईचं असतं ना ते."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "अगं मग आधी नाही का सांगायचं? म्हशीचं देते."

हँडबुकात लिहिलं होतं, नको असेल तर ताटावर हात आडवा धरावा. ओरेगॉनने धरला. काकूंनी बोटांच्या फटीतून अचूक वाढलं. अखेर तोडगा असा निघाला की आठवड्यातून दोनदा मी 'सांस्कृतिक मध्यस्थी'साठी तिथे जेवायला जायचं आणि ओरेगॉनच्या पानातलं तूप, श्रीखंड, खीर वगैरे विवादास्पद पदार्थ आपल्या पानात ओढायचे. मॅडमना पाठवायच्या अहवालात मी लिहायची, 'परिस्थिती नाजूक आहे. भेटी चालू ठेवाव्या लागतील.' मेसमध्ये त्या दिवसांत फ्लॉवर-बटाटा चालू होता. परिस्थिती खरोखरच नाजूक होती.

आता सरकारी कागदांबद्दल. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत घरमालकाने एक फॉर्म भरायचा. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर पाहुण्याने १४ दिवसांत नोंदणी करायची. आमची ओरेगॉन अख्खं वर्ष राहायचं म्हणून आली होती, त्यामुळे मी, ती आणि काकू अशी आमची दिंडी एका कचेरीत गेली. फोटो होते, पासपोर्ट होता, कॉलेजचं बोनाफाईड होतं. पत्त्याचा पुरावा म्हणून काकूंनी लाइटबिल आणलं होतं. खिडकीमागच्या साहेबांनी ते उजेडात धरलं.

"हे बिल ज्यांच्या नावावर आहे, ते कुठेत?"

"ते माझे आजेसासरे," काकू म्हणाल्या.

"त्यांची सही लागेल."

"ते एक्क्याऐंशी सालीच गेले."

"मग बिल कोण भरतं?"

"मी भरते."

"मग नाव बदलून का नाही घेतलं?"

"गेले होते. ते म्हणाले, ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही आणा."

यावर साहेबांनी मान डोलावली. एका खात्याला दुसऱ्या खात्याची अडचण बरोबर कळते. ते म्हणाले, "मग असं करा, मृत्यूचा दाखला आणा." काकूंनी पिशवीतून दाखला काढला. मी थक्क झाले, पण सदाशिव पेठेत बाहेर पडताना माणसं छत्री घेतात तसा हा दाखला घेत असावीत. साहेबांनी तो वाचला. "यात 'विष्णू' ऱ्हस्व आहे. बिलात दीर्घ आहे." मग दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. मेलेल्या माणसाचं ऱ्हस्व-दीर्घ जुळवून एका अमेरिकी मुलीचा मुक्काम कायदेशीर करायला आम्हाला चार चकरा पडल्या, आणि त्यात एकदा साहेब जेवायला गेले होते.

या सगळ्यात ओरेगॉन शांतपणे बाकावर बसून विचारत होती, "काय चाललंय?" मी सांगितलं, "काकूंच्या घरातले आजोबा वारले, त्यामुळे थोडा उशीर होतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरी फुलं आणि एक कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेली. कार्डवर लिहिलं होतं, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. काकूंनी आजेसासऱ्यांना पाहिलंही नव्हतं. पण एवढ्या वर्षांत त्यांची विचारपूस करणारं हे पहिलंच माणूस, म्हणून त्यांनी कार्ड भिंतीवरच्या फोटोला लावलं आणि ओरेगॉनला साजूक तुपातला शिरा दिला. मला तातडीने बोलावणं आलं.

टेक्सासचा प्रश्न वेगळा होता. ओबर्गसाहेबांनी तक्त्यात लिहिलेलं नाही, पण पुण्यात संकटाची पायरी बहुधा पाणीपुरीच्या गाडीपाशी सुरू होते. टेक्सासचं पोट बिघडलं. तिकडून त्याच्या आईचा फोन. "तो फोन उचलत नाही. बरा आहे ना?" आता अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शिक्षणाच्या नोंदी त्याच्या लेखी संमतीशिवाय साधारणपणे आईबापांनाही दाखवायच्या नाहीत. आमच्या कार्यक्रमाने तो कायदा ताणून जुलाबापर्यंत आणला होता. मी हँडबुकातलं वाक्य वाचून दाखवलं, "आम्ही विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा आदर करतो." पलीकडे त्या माउलीला रडू फुटलं.

इकडे टेक्सास राहायचा त्या कोथरूडच्या सोसायटीत खासगीपणाचा आदर अशा रीतीने चालला होता की व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बी-सातच्या अमेरिकन पाहुण्याला आज मऊ भात' अशी सूचना पडली होती. खाली अठ्ठावीस अंगठे आणि साबुदाण्याच्या पेजेची कृती. वॉचमनने मला फाटकावरच सांगितलं, "मघाशी परत गेलता. आता जरा घट्ट आहे म्हणे." वर गेले तर तिथल्या काकूंनी त्याच्याच फोनवरून त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावलेला. काकूंना इंग्रजी येत नाही, आईला मराठी येत नाही. काकूंनी कॅमेरा झोपलेल्या टेक्सासवर फिरवला, मग तीन बोटं वर केली, मग इलेक्ट्रालचं पाकीट दाखवलं, मग दोन्ही हात जोडून वर बघितलं. आईला सगळं समजलं. पुढे त्या दोघी रोज बोलायच्या. माझ्याशी मात्र ती बाई शेवटपर्यंत तुटकपणेच वागली.

रात्रीच्या फोनचं काय झालं ते सांगते. प्रत्येकाच्या खिशातल्या कार्डावर 'आपत्कालीन संपर्क, चोवीस तास' म्हणून माझा नंबर होता. आमच्या हॉस्टेलचं फाटक साडेनऊला बंद होतं आणि किल्ली रेक्टरबाईंच्या उशाशी असते. म्हणजे अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांतली तरणीताठी माणसं रात्रभर पुण्यात मोकाट आणि त्यांची संकटविमोचक कुलपात. गणपतीच्या दिवसांत टेक्सास ढोलपथकाच्या मागे चालत चालत असा काही हरवला, की साडेबाराला फोन. "टायी, मी एका मारुतीपाशी आहे."

पुण्यात हा पत्ता होत नाही. मी पांघरुणात तोंड घालून म्हटलं, "रिक्षा थांबव आणि फोन रिक्षावाल्याला दे." दिला. मी पत्ता सांगितला. पलीकडून आवाज आला, "ताई, तुम्ही कुठल्या? बोलण्यावरून आपल्याकडच्या वाटता."

"सांगोल्याची."

"काय सांगता! मी महूदचा!"

मग महूदला यंदा पाऊस झाला का, डाळिंबाला काय भाव आला, आमच्या मामाचं दुकान स्टँडजवळच आहे का, असं बरंच निघालं. टेक्सास मागे बसून वेटिंगचं मीटर बघत होता. एवढ्यात दार वाजलं. "इतक्या रात्री कोणाशी बोलतेस?" रेक्टरबाई.

"टेक्सासशी."

"मग डाळिंबं कसली?"

महूदच्या त्या भल्या माणसाने टेक्सासला दारापर्यंत सोडलं आणि "ताईंच्या पाव्हण्याकडून पैसे घेत नाही" म्हणाला. टेक्सासने डायरीत लिहिलं की भारतात रिक्षा रात्री मोफत असतात. पुढच्या आठवड्यात त्याचं एका रिक्षावाल्याशी मोठंच भांडण झालं.

मधल्या सुट्टीत अजिंठा-वेरूळची सहल होती. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मॅडमनी वेळापत्रक अशा कौशल्याने आखलं होतं की आम्ही सोमवारी अजिंठ्याला असणार होतो आणि मंगळवारी वेरूळला. हे आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या वेटरने सांगितलं म्हणून वाचलो. तिकिटाच्या खिडकीवर भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. न्यू जर्सीचं आडनाव अस्सल कोकणस्थ, जन्म तिकडचा, मराठी शून्य. खिडकीतल्या दादांनी त्याच्याकडे बघून कौतुकाने विचारलं, "कुठून आलात?" तो गप्प. शेजारची सोनेरी केसांची व्हरमाँट चटकन म्हणाली, "आम्ही पुण्याहून आलो, दादा." दादांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. न्यू जर्सीकडे ओसीआय कार्ड होतं, त्यावर भारतीय दरातच तिकीट मिळतं. त्यामुळे मराठी न येणारा ४० रुपयांत गेला आणि मराठी येणारीला ६०० पडले. मग माझा नंबर. गळ्यात कार्यक्रमाचं ओळखपत्र, डोक्यावर विद्यापीठाची टोपी. दादांनी अगदी सांभाळून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "व्हेअर… फ्रॉम?"

अजिंठ्याला आत भिंतीवर कोणीतरी बदाम काढून नावं कोरलेली दिसली. मुलं हळहळली. भारतीयांना आपल्या वारशाची किंमत नाही वगैरे. मग गाईडने दहाव्या लेण्यात नेऊन जॉन स्मिथची सही दाखवली. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी बघितली आणि लगोलग भिंतीवर नाव कोरून ठेवलं. मुलं एकदम कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गुंतली. बाकी दोन्ही ठिकाणी लोकांनी लेण्यांपेक्षा आमच्या पोरांचेच फोटो जास्त काढले. म्हणजे काढले मी. जळगाव, बीड, नांदेड, परभणी इथल्या अनेक कुटुंबांच्या अल्बमात व्हरमाँट मधोमध उभी आहे आणि कोपऱ्यात माझं बोट आहे.

पण या कामातली खरी गंमत प्रश्नोत्तरांची. ही मुलं दिवसभर 'का' विचारतात. आणि पुण्यात उत्तर मिळत नाही असं होत नाही. पत्ता विचारा. ज्याला ठाऊक आहे तो सांगतोच, पण ज्याला नाही तोही "सरळ जा, पुढे डावीकडे" म्हणतो, आणि अधिक ठामपणे म्हणतो. एकदा ओरेगॉनने काकूंकडे पानावर बसताना सहज विचारलं, सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला? काका म्हणाले, लोकमान्यांनी, १८९३. त्याच वेळी सुट्टे पैसे मागायला आलेले वरच्या मजल्यावरचे आजोबा दारातूनच म्हणाले, भाऊसाहेब रंगारींनी, १८९२. २०१७ मध्ये सव्वाशेव्या वर्षाच्या निमित्ताने अख्ख्या शहरात पेटलेला हा वाद त्या स्वयंपाकघरात पुन्हा पेटला. दोन वेळा चहा झाला. आजोबांनी सुट्टे न घेताच जिना चढला आणि नंतर काही दिवस पाण्याच्या मोटरचं बटण दाबलं नाही.

सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येकाला एक संशोधन प्रकल्प करायचा होता. ओरेगॉनने विषय घेतला, पुण्यातल्या मुली दुचाकीवर तोंडाला स्कार्फ का गुंडाळतात. दुभाषी मी. काकू म्हणाल्या, धुळीमुळे. काका म्हणाले, रंग काळवंडू नये म्हणून. इस्त्रीवाले म्हणाले, मागे कोण बसलंय ते घरच्यांना कळू नये म्हणून. म्हणजे मागच्याने नाही, पुढचीनेच गुंडाळला की काम होतं, हेही त्यांनी चित्र काढून समजावलं. सोसायटीच्या वॉचमनने ही पद्धत पेशव्यांच्या काळातली असल्याचं सांगितलं. स्कूटर तेव्हा कुठे होत्या, असं ओरेगॉनने विचारलं तर म्हणाला, "घोडे होते ना." वरच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हे सगळे चुकीचं सांगतात एवढंच म्हणाले. मला विचारलं तेव्हा मीही मान वर करून 'सार्वजनिक अवकाशातलं स्त्रीचं अदृश्य होणं' यावर पंधरा मिनिटं बोलले. मी स्वतः स्कार्फ बांधते तो रूममेटने वाढदिवसाला दिला म्हणून.

शेवटी मी तिला एका निवृत्त प्राध्यापकांकडे नेलं. हयात शहरी समाजजीवनाच्या अभ्यासात गेलेली. त्यांनी प्रश्न नीट ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला नक्की माहीत नाही. यावर काम व्हायला हवं." ओरेगॉन थांबली. मग पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले आणि चहा घेणार का विचारलं.

प्रबंध छान झाला. तळटिपांत सगळे होते. काकू 'गृहव्यवस्थापन तज्ज्ञ', इस्त्रीवाले 'वस्त्रव्यवसायातील जाणकार', वॉचमन 'मौखिक इतिहासकार' आणि मी माझ्या पत्रातल्याप्रमाणे. घोडेही होते, पण प्राध्यापक कुठे दिसेनात. मी विचारलं, तर ओरेगॉन संकोचून म्हणाली, "त्यांना काही माहीत नव्हतं, ताई. बाकी सगळ्यांना होतं." प्रबंधाला 'ए' मिळाला.

डिसेंबरात बाकीची मुलं परत निघाली. ओरेगॉनही नाताळासाठी महिनाभर घरी चालली होती. प्रत्येक बॅग २३ किलोची, आणि काकूंनी भाजणी, मेतकूट, चकल्या आणि लिंबाचं लोणचं वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून तयार ठेवलेलं. मी वजनकाट्यावर बॅग चढवत-उतरवत होते. ओरेगॉनने आपले बूट काढून बाहेर ठेवले, दोन पुस्तकं मला दिली, तरी काटा चोवीसवर. एवढ्यात काकूंनी आणखी एक पुडकं आणलं.

"हे तुझ्यासाठी नाही हो. आमच्या पुतण्याचं. तो एडिसनला असतो."

ओरेगॉनचं घर पोर्टलंडला. एडिसन न्यू जर्सीत, म्हणजे देशाच्या बरोबर दुसऱ्या टोकाला, जवळजवळ चार हजार किलोमीटर. मी सांगायचा प्रयत्न केला, "काकू, ते तिच्या घरापासून फार लांब…"

"अमेरिकेतच आहे ना?" काकू म्हणाल्या. "आणि अगदीच लांब असेल तर तो येऊन घेऊन जाईल. शनिवारी सुट्टी असते त्याला." मग त्या ओरेगॉनकडे वळल्या. "काय गं, तुला एडिसन माहितेय ना?"

ओरेगॉनने पुडकं घेतलं, बॅगेतला एक स्वेटर उपसून काढला आणि त्या जागी ते नीट बसवलं. ती आयुष्यात कधी न्यू जर्सीला गेली नव्हती.

"हो काकू," ती म्हणाली. "सरळ जायचं, पुढे डावीकडे."